आठ दिवस, तीन शहरं, चार माणसं

आई फेब्रुवारीत गेली आणि मे महिन्यातली परदेशाची सहल झाली नाही. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे शेवटी कोणी म्हणायला नको की आम्हाला कळवलं नाही. आता या दोन्ही गोष्टी विसरून जा. त्या घरातही तेच चाललं होतं. मार्चचा पहिला रविवार होता, सकाळचे अकरा वाजले होते, आणि जेवणाच्या टेबलाभोवती सहलीची सतरावी बैठक भरली होती. हजर: बाबा, थोरली, टिल्लू. आई: येतेय.

हे 'येतेय' कोठीच्या दारावर टांगलेल्या पांढऱ्या फळ्यावर लिहिलेलं होतं, आणि ते तिथे का होतं हे कळायला आईची नोकरी माहीत हवी.

आई बस डेपोत ड्यूट्या लावायची. कुठल्या ड्रायव्हरने कुठली गाडी किती वाजता बाहेर काढायची, हे रोज एका भल्यामोठ्या फळ्यावर लिहायची. एकशे चाळीस माणसं, त्यांच्या सुट्ट्या, त्यांची पाठदुखी, त्यांच्या मेव्हण्यांची लग्नं, सगळं त्या फळ्यावर मावायचं. तिचा नियम एकच: ज्याने नाव लिहिलं, त्यानेच ते खोडायचं. यामागे इतिहास होता. एका ड्रायव्हरने एकदा रविवारची पहिली फेरी चुकवायला स्वतःचं नाव पुसलं आणि तिथे, गडबडीत, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाचं लिहून ठेवलं. गाडी चाळीस मिनिटं उभी. शेवटी निवृत्त माणसाला कोणीतरी निरोप दिला, आणि तो बिचारा खरंच आला, टोपी घालून. तेव्हापासून फळ्याला दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे. आणि दुसरं म्हणजे, न आलेल्या माणसापुढे ती कधीही 'गैरहजर' लिहायची नाही. 'येतोय' लिहायची. गैरहजर लिहिलं की माणूस मग खरंच येत नाही, असा तिचा बावीस वर्षांचा अनुभव होता.

फेब्रुवारीत एका मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, ऐन शिफ्ट बदलताना, ती त्या फळ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि उठली नाही. शिफ्ट बदलताना जागा सोडायची नाही, हे ती इतरांना ओरडून सांगायची. डेपोच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी नवा फळा विकत आणला. जुना पुसायचा कोणी, हा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता.

घरचा फळा लहान होता, डेपोतून बाद झालेला. त्यावर आईने जानेवारीत सगळी सहल नव्याने लावली होती. आठ दिवस आडवे, चार माणसं उभी. शहरांची नावं लिहिण्याइतकी जागा नव्हती, म्हणून तिने त्यांना बसच्या मार्गांसारखे नंबर दिले. एक नंबरला पूल फार होते. दोन नंबरला संग्रहालयं फार. तीन नंबरला समुद्र होता, जो आईच्या मते सगळीकडे सारखाच असतो, पण मुलांपुढे कोण बोलणार. ड्यूट्याही लावून झाल्या होत्या. बाबा: बॅगा. थोरली: नकाशे, गाड्यांच्या वेळा. टिल्लू: माणसं मोजणे. प्रत्येक स्टेशनवर उतरलं की त्याने चार मोजायचे आणि मगच पुढे निघायचं. आई: बाकी सगळं.

या फळ्यावरचं नाव पुसणार कोण? लिहिणारी एकटी आईच. सोळाव्या बैठकीला टिल्लू उठला, आईच्या नावापुढे 'येतेय' लिहिलं आणि परत येऊन बसला. टिल्लू चौदा वर्षांचा होता आणि दारातून वाकून आत यायचा. नाव पाळण्यात पडलं होतं आणि मग त्याने कोणाचंच ऐकलं नाही. बाबांनी ते अक्षर बघितलं, थोरलीने बघितलं. नियमात बसत होतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर अंधाऱ्या विहिरीत उभं राहून, वर गेलेली गोष्ट खाली आणायची आणि खाली अडकलेली वर पाठवायची, हा त्यांचा धंदा. बोलणं बेताचं. घरात बोलायचं काम आईकडे होतं, आणि आता ते, काय म्हणतात, रिकामं होतं. म्हणून बैठकीत तिघं मिळून ते काम ओढत. दोन नंबरच्या शहरात हॉटेल घ्यायचं की भाड्याचा फ्लॅट, यावर त्या रविवारी मतदान झालं. बाबा आणि थोरली फ्लॅटच्या बाजूने, टिल्लू हॉटेलच्या. मग बाबांनी आईचं मत विचारलं. टिल्लूने क्षणभर छताकडे पाहून कळवलं की आई म्हणते, सुट्टीत पण मीच भांडी घासायची असतील तर मी डेपोतच बरी. दोन-दोन झाले. बरोबरी झाली की आईच्या बाजूने निकाल, ही घरची जुनी पद्धत. हॉटेल ठरलं. थोरलीला राग आला, आणि तो टिल्लूचा न येता आईचा आला, याचं तिला बरं वाटलं.

डेपोंचं भांडणही तसंच चालू होतं. लोक परदेशात राजवाडे बघतात. आईला तिन्ही शहरांतले बस डेपो बघायचे होते, प्रत्येकी अर्धा तास. जानेवारीत थोरलीने याला कडाडून विरोध केला होता: मैत्रिणींना फोटो काय दाखवू, टायर? आता मार्चमध्ये तिला ते तिन्ही डेपो मनापासून मान्य होते, पण ती विरोध करतच राहिली. एकदम हो म्हटलं असतं तर आईला संशय आला असता.

थोरली सतरा वर्षांची होती, आणि या घरात ही सहल होणं जर कोणाच्या जिवाचा प्रश्न असेल, तर तो तिच्या. कारण सहल मुळात मे महिन्याची नव्हतीच. ती नोव्हेंबरची होती. नऊ तारीख, सकाळचं विमान. आईने रजा काढली होती, डेपोतल्या बदलीच्या माणसाला तीन दिवस बसवून फळा शिकवला होता. आणि ऑक्टोबरच्या शेवटी थोरलीने जेवताना जाहीर केलं की कॉलेजच्या नाटकात तिची निवड झाली आहे आणि प्रयोग अकरा नोव्हेंबरला आहे.

काम काय, असं बाबांनी विचारलं. घोडा, असं थोरली म्हणाली. मग थोड्या वेळाने, टिल्लूने फारच खोदून विचारल्यावर, खरं सांगितलं. घोड्याचे मागचे पाय. पुढचे पाय आणि तोंड दुसऱ्या एका मुलीकडे होतं.

टिल्लू ताटावरून उठून हसायला बाहेर गेला होता. आई हसली नाही. तिने जेवण संपवलं, हात धुतले, फळ्यापाशी गेली आणि स्वतः लिहिलेला नोव्हेंबर स्वतः पुसून तिथे मे लिहिला. घरात कोणालाच माहीत नव्हतं, पण मागच्या पायांना बदली मिळत होती. वर्गातली एक मुलगी हात वर करून बसली होती. थोरलीनेच तिला 'नको' म्हटलं होतं.

प्रयोगाला आई पहिल्या रांगेत बसली. दुसऱ्या अंकात घोडा आला, राजाला बघून मुजऱ्यासाठी वाकला, आणि मागचे पाय वाकायचे विसरले. सगळं सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्याने कोण हसतंय ते थोरलीला त्या गरम, गोणपाटाचा वास मारणाऱ्या अंधारातून बरोबर ऐकू आलं. घरी येताना आई म्हणाली होती, मी तुला लगेच ओळखलं.

आता थोरलीचा हिशोब साधा होता. सहल झाली, तर तिने ती फक्त पुढे ढकलली होती. झाली नाही, तर तिने ती आईच्या हातातून काढून घेतली होती, एका घोड्यासाठी, आणि त्यातही अर्ध्याच. म्हणून सहल व्हायला हवी होती, आठ दिवस, तीन शहरं आणि चार माणसं. फळ्यावर होती तशी. चारमधला एक कसा येणार, हे ती विचारत नव्हती. कोणीच विचारत नव्हतं. न विचारण्याचा सराव घरात आता दांडगा झाला होता.

एप्रिलच्या सुरुवातीला ट्रॅव्हल एजंटचा फोन आला. हा गृहस्थ गोल चेहऱ्याचा, अतिशय गोड बोलणारा, प्रत्येक कुटुंबाला 'पार्टी' म्हणायचा. त्याने कळवलं की पार्टीच्या व्हिसाची वेळ मिळाली आहे, गुरुवारी सकाळी अकरा, चौघांनी जातीने हजर राहायचं, बोटांचे ठसे घेतात. आणि वहिनींना सांगा, दोन नंबरच्या डेपोचा पत्ता सापडला. सांगतो, असं बाबा म्हणाले. आणि फोन ठेवल्यावर खरंच फळ्याकडे बघून त्यांनी लिहून घेतलेला तो पत्ता मोठ्याने वाचला.

गुरुवारी निघताना बाबांनी चार फायली घेतल्या. फॉर्म आईनेच जानेवारीत भरले होते, सगळ्यांचे, सहीसकट. चौथ्या फायलीवर फोटो होता तो तिचा डेपोच्या ओळखपत्रावरचा, ज्यात ती फोटोग्राफरला काहीतरी सुनावत असल्यासारखी दिसायची.

व्हिसाच्या ऑफिसात दारावरच फोन काढून घेतात आणि टोकन देतात. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. जमिनीला बोल्टने आवळलेल्या खुर्च्या, भिंतीवर लाल आकड्यांचा पडदा, आणि अशी शांतता की पोटात गुरगुरलं तर शेजारचा देश ऐकेल. टिल्लू ओळीतल्या चौथ्या खुर्चीवर फाइल ठेवून तिसऱ्या खुर्चीवर बसला. एक बाई ती फाइल उचलून बसू लागल्या तर त्याने अदबीने सांगितलं की इथे माणूस आहे.

एकसष्ट म्हणजे बाबा. त्यांचे ठसे यंत्राला उमटेनात. तीस वर्षं लोखंडी दोर आणि ग्रीस हाताळून बोटांवरच्या रेघा गेल्या होत्या. खिडकीतल्या बाईंनी बोटं पुसायला लावली, ओली करायला लावली, पुन्हा पुसायला लावली. सहाव्या वेळी यंत्राने कसंबसं मान्य केलं की समोर माणूस उभा आहे. बासष्ट थोरली, त्रेसष्ट टिल्लू, दोघांचं दोन मिनिटांत झालं. पडद्यावर चौसष्ट आलं.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, चार नंबरच्या अर्जदार कुठे आहेत? बाबा म्हणाले, येतेय. कामावरून. बाईंनी घड्याळ बघितलं आणि चारपर्यंत थांबता येईल असं सांगितलं.

मग ते थांबले. आता इथे कोणीही शहाणा माणूस म्हणेल की हा वेडेपणा आहे. पण तिघांपैकी कोणालाही उठून चला म्हणता येईना, कारण चला म्हणणाऱ्याला का ते सांगावं लागलं असतं. बारा वाजले, एक वाजला. दर अर्ध्या तासाने पडदा आठवण झाल्यासारखा चौसष्ट दाखवायचा आणि एक घंटी वाजायची. दार उघडलं की टिल्लू मान वर करायचा. आधी एकटाच करायचा. दोनच्या सुमाराला बाबाही करायला लागले. दोन वाजून दहा मिनिटांनी तिघांनीही पायातल्या बुटांकडे बघितलं आणि मिनिट उलटेपर्यंत वर बघितलं नाही.

तीनला ऑफिस जवळजवळ रिकामं झालं. थोरलीला मनापासून वाटायला लागलं की आई येईल. तिला ते अगदी बारकाव्यांसकट दिसत होतं: दार ढकलून येईल, पर्स दारावरच्या माणसाच्या हातात कोंबेल, गाडी मिळाली नाही म्हणून स्वतःच्याच डेपोला शिव्या देईल, आणि खिडकीतल्या बाईंना सांगेल की ही टोकनची पद्धत चुकीची आहे, मी तुम्हाला लावून देते. येऊन बसेल, आणि फाइल मांडीवर घेईल. एवढंच तर करायचं होतं. लोक रोज करत होते.

चारला पाच मिनिटं असताना खिडकीतल्या बाई खिडकी सोडून बाहेर आल्या. जवळून बघितल्यावर त्या वयाने बऱ्याच लहान निघाल्या. म्हणाल्या, काही हरकत नाही, होतं असं, मी फक्त त्यांच्यासाठी पुढची तारीख देते, तुम्हाला परत यायला नको. पेन काढलं.

"त्यांना सुट्टी कधी असते?"

बाबांनी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. थोरलीला दिसलं की बाबा खरोखर विचार करत आहेत. बावीस वर्षं आईची सुट्टी बुधवारी असायची, आणि ते बुधवार म्हणणार आहेत, आणि या बाई बुधवार लिहिणार आहेत, आणि बुधवारी हे तिघं पुन्हा इथे येऊन चारपर्यंत बसणार आहेत, आणि त्याच्या पुढच्या बुधवारीही.

"आई वारली," थोरली म्हणाली. "फेब्रुवारीत."

हे वाक्य दोन महिन्यांत कोणीच घरात म्हटलं नव्हतं. ते इतकं छोटं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

बाई खाली बसल्या, टिल्लूने राखलेल्या खुर्चीच्या पलीकडच्या खुर्चीत. ती खुर्ची त्यांनीही सोडली. बराच वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत राहिल्या. मग नोकरीच त्यांच्या मदतीला आली. म्हणाल्या, मग चार नंबरचा अर्ज मागे घ्यावा लागेल, तिघांचे पुढे जातील. फॉर्म आहे त्याचा. फक्त नियम असा आहे की ज्याने अर्ज केला, त्यानेच सही करून तो...

तिथे त्या थांबल्या. स्वतःच्या तोंडून काय निघालं ते त्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा पडला.

"बरोबर आहे," टिल्लू म्हणाला. "आमच्याकडे पण तसंच आहे."

शेवटी त्यांनी आईची फाइल कुठल्याच फॉर्मशिवाय परत दिली, दोन्ही हातांनी.

बाहेर इमारतीच्या पायऱ्यांवर बाबा बसले. रहदारीच्या वेळेला सुरुवात झाली होती, समोरच्या थांब्यावर एकामागे एक तीन बस आल्या. थोरलीने सगळा धीर एकवटून सांगितलं की तिघांचे अर्ज पुढे गेले आहेत. तिकिटं आहेत. हॉटेल आहे, आईने निवडलेलं. आपण जाऊ शकतो. आपण जायला पाहिजे. तिन्ही डेपो बघायला मी तयार आहे, अर्धा नाही, एकेक तास. ती खूप वेळ बोलत राहिली, तिकिटांबद्दल, गाड्यांच्या वेळांबद्दल, आणि बाबा मान हलवत राहिले. त्या मानेचा अर्थ हो की नाही ते तिला लागेना.

मग टिल्लू म्हणाला, "ताई, मला तीन मोजता येत नाहीत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो रडत नव्हता. एखादा हिशेबनीस आपल्याला काय जमेल आणि काय नाही ते सांगतो, तसं सांगत होता.

"इथे येताना जमत होतं," तो म्हणाला. "आई येतेय, म्हणून. तिकडे प्रत्येक स्टेशनवर मीच मोजायचं आणि प्रत्येक वेळी तीनच येणार. आठ दिवस. मी नाही मोजणार. माझी ड्यूटी बदला, नाहीतर जाऊ नका."

ड्यूटी बदलणारं माणूस नव्हतं. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला, पण बसल्या जागेवरून तो खांद्यापर्यंतच पोहोचला. म्हणाले, नको मग. एवढंच. त्या दोन शब्दांत आठ दिवस, तीन शहरं, सतरा अधिक पाच बैठका संपल्या, आणि थोरलीला आतून काहीतरी सुटून, बाबांच्या एखाद्या लिफ्टसारखं, मजल्यांमागून मजले खाली जाताना जाणवलं. आता ती ढकललेली सहल नव्हती. आता ती काढून घेतलेली होती.

तिकिटं रद्द करायला शनिवारी दुपारी बाबा आणि थोरली एजंटकडे गेले. टिल्लू घरी राहिला. एजंटचं ऑफिस एका औषधांच्या दुकानाच्या वर, दोन टेबलांचं, भिंतीवर निळ्याशार पाण्याचं पोस्टर, ज्यातल्या माणसांना काहीही झालेलं नव्हतं. तो उभा राहून म्हणाला, या या, पूर्ण पार्टी नाही आली? आणि बाबांनी सांगितलं. व्हिसाच्या ऑफिसात थोरलीने केलं होतं तसंच, दोन शब्दांत. शिकले होते.

एजंट बसला. चष्मा काढला, परत घातला, आणि उगाच टेबलावरचं छोटं विमान सरळ करत राहिला. मग म्हणाला, वहिनींनी त्या डेपोच्या पत्त्यासाठी मला चार फोन केले हो. मी म्हटलं, वहिनी, माझ्या वीस वर्षांच्या धंद्यात हे कोणी मागितलं नाही. तर म्हणाल्या, मग तुमची वीस वर्षं फुकट गेली.

बाबा हसले. थोरलीने ते दोन महिन्यांनी बघितलं आणि तिला आधी कळलंच नाही की त्यांना काय होतंय.

मग त्याने कपाटातून पार्टीची फाइल काढली आणि समजावलं. तिकीट रद्द करायला विमान कंपनीला अर्ज लागतो, साधा कागद चालेल. तारीख पुढे नेता आली असती, पण ती सवलत एकदाच मिळते आणि ती नोव्हेंबरमध्ये वापरून झाली. हे बघा, म्हणत त्याने फाइल वळवून समोर धरली. वरच तारीख बदलण्याचा अर्ज होता. आईचं अक्षर, फळ्यावरचं, उभं, खणखणीत, लांबून वाचता यावं म्हणून गरजेपेक्षा मोठं. मूळ तारीख: ९ नोव्हेंबर. नवी तारीख: १२ मे. कारण: मुलीचं नाटक. आणि त्यापुढे, जागा संपत आल्यामुळे थोडं दाटीवाटीने: मुख्य भूमिका.

थोरलीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग अगदी खालच्या आवाजात विचारलं की हे शेवटचे दोन शब्द आईनेच लिहिले का.

तर काय, एजंट म्हणाला. मीच सांगितलं होतं की वहिनी, कंपनीला कारण भक्कम लागतं, नुसतं नाटक म्हटलं तर अर्ज परत येईल. तर त्यांनी पेन परत घेतलं आणि ते वाढवलं. मी विचारलं, मुलगी हिरॉईन आहे का?

"मग?"

"म्हणाल्या, घोडा तिच्याशिवाय जागचा हलत नाही."

बाबा खिडकीशी गेले आणि खालच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले. एजंटने शहाणपणाने फाइलमध्ये डोकं खुपसलं. थोरली खुर्चीतच होती. तिला वाटलं होतं की आईने नोव्हेंबर पुसला तेव्हा मनात नाराजी असेल, निदान थोडी. ती थोडीशी नाराजी सापडली असती तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. या अर्जात ती शोधूनही सापडत नव्हती. दोन शब्दांची निव्वळ थाप होती, आणि तीही आनंदाने मारलेली.

बाबा पाठमोरेच म्हणाले, "तूच लिही बाळा अर्ज. तुझं अक्षर चांगलं आहे."

एजंटने कोरा कागद दिला, खाली टेकायला पुठ्ठा दिला, पेन दिलं. रद्द करण्याचा अर्ज कसा लिहितात ते सांगितलं: वर प्रति, मग विषय, मग महोदय. तिने मान डोलावली. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी त्याला येऊ द्या, येऊ द्या म्हणत होतं. ती वीस मिनिटं न थांबता लिहीत होती. मग तिने कागद एजंटपुढे ठेवला. त्याने तो वाचला, बाबांना दिला. बाबांनी तो वाचला आणि कुठेही खोडला नाही. एजंटने त्यावर आवक शिक्का मारला, तारीख घातली, आणि रद्द करण्यासाठी दुसरा कागद स्वतःच लिहायला घेतला. पहिला कागद असा होता:

प्रति,
मा. व्यवस्थापक, तारीख बदल विभाग.

विषय: चार प्रवाशांच्या प्रवासाची मूळ तारीख परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्या कुटुंबाचा प्रवास दि. ९ नोव्हेंबर रोजी ठरला होता. प्रवासी क्र. चार यांच्या अर्जावरून तो दि. १२ मेपर्यंत पुढे ढकलण्यात आला. त्या अर्जात 'मुलीचं नाटक, मुख्य भूमिका' असे कारण दिलेले आहे. मी ती मुलगी असून सदर भूमिका घोड्याच्या मागच्या पायांची होती, हे मी स्वतःच्या जबाबदारीवर नमूद करते. पडताळणीसाठी पुढच्या पायांना हजर करता येईल. सदर भूमिकेसाठी बदलीचे माणूस उपलब्ध होते, ही बाब प्रवासी क्र. चार यांच्यापासून मी लपवून ठेवली होती.

दिलेले कारण खरे नसल्यामुळे त्याच्या आधारे झालेला बदल नियमानुसार टिकत नाही. चुकीची माहिती दिल्याबद्दल प्रवासी क्र. चार यांच्यावर कोणतीही कारवाई करू नये, ती माझ्यावर करावी.

नोव्हेंबरमध्ये प्रवासी क्र. चार यांची रजा मंजूर होती आणि त्यांची तब्येत उत्तम होती. तरी सदर बदल रद्दबातल ठरवून गेल्या वर्षीची दि. ९ नोव्हेंबर ही तारीख आम्हाला परत देण्यात यावी, आणि त्या दिवशीच्या सकाळच्या विमानात आम्हा चौघांना बसू द्यावे, ही नम्र विनंती.